वास नसलेली हाक

"तुम्ही माझा आवाज नासवलात!" मेपुकोरी ओरडला आणि हातातला सोटा त्यानं खांबावर हाणला.

लोखंडी खांब घणाणला. वरच्या करड्या पेटीला जाग आली आणि ती त्याच्याच आवाजात त्याच्यावर ओरडली:

"होऽऽ अरूस! वाट सोडा! अरूसवाले आलोय! आम्ही आलोय, वाट सोडा!"

मग पेटी खोकली. दोनदा. एक खोकला कोरडा, एक घशातला.

"खोक, मुडद्या," मेपुकोरी म्हणाला. "आणखी खोक."

ज्यांना तो बोलत होता ते तिथं नव्हते. ते तिथं कधीच नसतात. वनखात्याच्या कचेरीला पत्र्याचं छप्पर असतं, फाटक असतं, फाटकावर माणूस असतो, आणि त्या माणसाला साहेब आत आहेत की बाहेर हे कधीच ठाऊक नसतं. रानात उभं राहतं ते कचेरीचं लोखंड. सत्तरी उलटलेल्या माणसानं भांडायचं तर त्याच्याशीच.

उन्हं नुकतीच बाभळींच्या शेंड्यांवर आली होती. वस्तीत बायका दूध काढत असतील. थोड्या वेळानं गाढवांवर पिवळे डबे चढतील आणि सून हाक मारील, पाण्याला निघायचं म्हणून. तोवर त्याला घरी पोचायचं होतं. आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नव्हतं.

अरूस हा त्याचा बैल. काळापांढरा, कपाळावर चांद. मरून नऊ वर्षं झाली. पण मसाई बाप्या हाक देतो ती स्वतःच्या नावानं देत नाही, बैलाच्या नावानं देतो, आणि बैल मेला म्हणून नाव मरत नाही. दलदलीतल्या झऱ्यावर बायका पाण्याला निघाल्या की वस्तीतला एक बाप्या पुढं चालतो आणि दर शंभर पावलांवर हाक टाकतो. मागच्या बायकांनी गप्प राहायचं, हाक स्वच्छ जाऊ द्यायची. बापजाद्यांपासून असंच. हत्ती ती हाक ऐकतात, पिल्लं पोटाखाली घेतात आणि बाजूला होतात. बायकापोरांच्या आवाजाला ते भीत नाहीत. पलीकडच्या जमातीतल्या कुणी बोंब मारली तरी नुसते कान हलवतात. मसाई बाप्याच्या हाकेला मात्र निघतात. भाला कुठली भाषा बोलतो, ते त्यांना ठाऊक आहे.

मेपुकोरीची हाक तर पंचक्रोशीत नावाजलेली. तरुणपणी त्यानं आणि त्याच्या जोडीदारांनी एक हत्तीण मारली होती. गुराख्याला चिरडलं होतं तिनं. तिच्या पायाशी तेव्हा एक वयात आलेली मादी होती. भाल्याच्या पात्यानं तिचा डावा कान फाटला आणि ती सुटली. आज तीच कळपाची म्होरकी आहे. सगळे तिला फाटककानी म्हणतात. मेपुकोरीनं घसा साफ केला तरी फाटककानी डोंगराकडं तोंड करते, असं लोक म्हणायचे. तोही म्हणू द्यायचा.

गेल्या उन्हाळ्यात दलदलीच्या पलीकडची जमीन कुणीतरी भाडेपट्ट्यानं घेतली आणि तिथं टोमॅटो लावले. जमीन कुणाची, घेतली कुणी, विचारू नका. ते विचारणारे दोघं अजून तालुक्याला खेटे घालताहेत. हत्ती टोमॅटोत शिरले. मग कचेरीला जाग आली. हत्तीनं माणूस मारला तर कागद हलायला वर्ष लागतं, टोमॅटो तुडवले तर आठवडा.

पारमुआत आला तो मोटरसायकलवरून. शेजारच्याच वस्तीतला पोरगा, शिकला, कचेरीची हिरवी पँट घालू लागला. पण रीत विसरला नव्हता. मेपुकोरीपुढं त्यानं डोकं वाकवलं, मेपुकोरीनं त्याच्या टाळूवर हात टेकवला, मग पोरानं पिशवीतून आवाज टिपायचं बोटभर यंत्र काढलं.

"कुठलीही हाक चालेल, आजोबा. आपल्या भाषेतली, बाप्याची. एवढंच हवंय."

"कुठलीही कशी?" मेपुकोरी म्हणाला होता. "हत्ती म्हणजे काय तुमच्या कचेरीतला शिपाई आहे, कुठल्याही हाकेला उठायला? खरी हाक घे."

आणि त्यानं खरी हाक दिली. पोटातून. अरूसच्या नावासकट. खोकलाही गेला त्यात. पारमुआत म्हणाला, परत घेऊ या. हा म्हणाला, असू दे, माझाच आहे. एक घोंगडी मिळाली, एक उन्हावर चालणारा दिवा मिळाला, आणि त्याचा आवाज टोमॅटोभोवतीच्या बारा खांबांवर चढला. पहिल्या संध्याकाळी तो पोराटोरांना घेऊन ते ऐकायला गेला होता. कुणी मागितलं नव्हतं ते त्यानं आपल्या हातानं दिलं होतं. हे कुणाला सांगणार?

पहिल्या आठवड्यात कळप पळाला. दुसऱ्या आठवड्यात पळाला नाही, थबकला. मेपुकोरीनं टेकाडावर बसून सगळं पाहिलं. बाकीचे मागं दाटीवाटीनं उभे, आणि फाटककानी एकटी पुढं आलेली. सोंड उभी करून तिनं वारा चाचपला. माणूस ओरडतोय, मग त्याच्या अंगाचा वास कुठाय? शेणाचा, धुराचा, तुपानं मेणचटलेल्या तांबड्या शालीचा? ती थांबली. पेटी पुन्हा ओरडली. तेच शब्द, तोच दम, तिथंच खोकला. फाटककानी तिथून हलली नाही. तिसऱ्या दिवशीही आली, चौथ्याही. रोज दहा पावलं जवळ. जिला खात्री नसते ती असंच करते: मागच्यांना मागं ठेवते, आपण पुढं होते, आणि विचारते. आवाजाला तिनं विचारलं. आवाजाकडं उत्तर नव्हतं. महिन्याभरात तिनं खांबाला कपाळ लावलं आणि तो आडवा केला. मग दुसरा.

टेकाडावर बसलेल्या मेपुकोरीला तेव्हाच कळून चुकलं. जिवंत माणूस रोज एकाच जागी खोकत नाही. हे कचेरीतल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्या आलं होतं.

आणि मग तिपापे.

तिपापे ही तिसऱ्या झोपडीतली सोळा वर्षांची पोर. वीस दिवसांमागं पाण्याच्या वाटेवर मेपुकोरी पुढं चालत होता. त्यानं हाक दिली आणि वाट मोकळी धरून तो पुढं गेला. लव्हाळ्यातून फाटककानी आली ती सरळ. गाढव मेलं. तिपापेची मांडी मोडली, ती अजून तालुक्याच्या इस्पितळात पाय टांगून पडली आहे. वस्तीत सगळे म्हणाले, हत्तीण पिसाळली. कचेरी म्हणाली, बायकांनी वेळ चुकीची निवडली. मेपुकोरी काहीच म्हणाला नाही. त्याला खरं काय ते माहीत होतं, हाक मेली होती, आणि ते सांगायचं म्हणजे आपलं तोंड आपणच पुरायचं. एक मुलगा शहरात फाटक राखतो, दुसरा गुरं घेऊन सरहद्दीकडं गेलेला. वस्तीत बाप्या असा तो एकटाच उरलेला. त्याच्या हाकेत काही नसेल तर मग तो कशाला उरला?

"पाशे! चलायचं ना?"

तो वस्तीत परतला तेव्हा सिंतोया, त्याची सून, गाढवाचा पट्टा आवळत होती. लग्नाच्या दिवशी त्यानं तिला कालवड दिली होती, म्हणून ती त्याला पाशे म्हणायची आणि तो तिला पाशे. कालवडीचं नातं. सासरा-सून एकमेकांचं नाव घेत नाहीत.

"चला," तो म्हणाला.

"सकाळी सकाळी कुठं गेला होता?"

"पाय मोकळे करायला."

सिंतोयानं त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा पट्ट्याकडं पाहिलं.

कुयोनीची आई आपलं म्हातारं गाढव ओढत आली. ही त्याच्या जोडीदाराची विधवा. दात चार, जीभ शाबूत. तिच्यामागं आणखी दोघी होत्या, त्यातली एक तिपापेची आई. पोर इस्पितळात असली तरी घरात पाणी लागतंच.

निघाले. वारा आज तोंडावर होता. एरवी सकाळी तो डोंगरावरून पाठीशी येतो आणि माणसांचा वास पुढं घेऊन जातो. आज त्यानं दिशा बदलली होती. मेपुकोरीनं थोडी माती चिमटीत घेऊन सोडली. ती त्याच्याच छातीवर आली. त्यानं हात शालीला पुसला.

मागं बायका बोलत होत्या. गेले काही दिवस हे नवंच सुरू झालं होतं. बाप्या पुढं चालतोय आणि ह्या मागं बाजार भरवल्यासारख्या बडबडताहेत. कुणाच्या शेळीनं काय खाल्लं, कुणाच्या सुनेला किती महिने झाले. त्याला ते रोज टोचायचं. रीत म्हणजे काय गाढवाच्या पाठीवरचा डबा आहे, हवा तेव्हा उतरवून ठेवायला?

"काय हो भावजी," कुयोनीची आई मागून म्हणाली, "आज घसा घरी विसरलात का? अर्धी वाट सरली."

"तुमच्या टकळीतून माझी हाक जायची कशी?" तो गर्रकन वळला. स्वतःच्याच आवाजाच्या धारेचं त्याला नवल वाटलं. "गप्प चला जरा! सगळ्या! तोंडाला काही धरबंध आहे की नाही?"

बायका गप्प झाल्या. सिंतोया काहीतरी म्हणणार होती. तिनं ओठ मिटले. सासऱ्याचा शब्द मोडायची तिला सवय नव्हती.

वाट लव्हाळ्यात शिरली. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर लव्हाळं, मधे गाढवापुरती जागा. डबे एकमेकांवर आपटत होते. मेपुकोरीनं कपाळाचा घाम पुसला. घाम यावा इतकं ऊन नव्हतं. हाक द्यावी की न द्यावी? न द्यावी तर बायका विचारणार. द्यावी तर... बहुधा काहीच होणार नाही. कळप तिकडं टोमॅटोकडं असेल. त्यानं छाती भरून घेतली.

"होऽऽ अरूस! वाट सोडा! अरूसवाले आलोय!"

आणि खोकला आला. दोनदा. एक कोरडा, एक घशातला.

पुढं कुठंतरी लव्हाळं मोडलं. सिंतोयाच्या गाढवाचे कान ताठ झाले. ते अडलं.

"पुढं आहेत," सिंतोया हळूच म्हणाली.

"जातील," तो म्हणाला. ऐकवायचं होतं बायकांना, पण मान हलवली त्यानं स्वतःशीच. पुन्हा हाक दिली. या वेळी जोरात.

लव्हाळं दुभंगलं आणि फाटककानी वाटेवर आली. साठ पावलांवर. मागं तिच्या मुली, त्यांच्यामागं पिल्लांच्या पाठी नुसत्या हलताना दिसत होत्या. त्या तिथंच थांबल्या. ती एकटी पुढं झाली. सोंड वर गेली, वाऱ्यात फिरली. वारा तिच्या मागून येत होता. त्यात माणसांचं काहीच नव्हतं.

"होऽऽ अरूस! वाट सोडा!"

ती चार पावलं पुढं आली.

"वाट सोडा! आम्ही आलोय!"

आणखी सहा. दबकत नाही, घाईनं नाही. खांबाकडं जायची तशी.

मेपुकोरीच्या घशात पुढची हाक तयार होती. ती तशीच राहिली. तो थांबला तशी तीही थांबली. हाक दिली की ती येते. गप्प राहिलं की थांबते. हाक नुसती मेलेली नव्हती. ती उलटी फिरली होती. वीस दिवसांमागं त्यानं एकदा नव्हे, चारदा हाक दिली होती. मोठ्यानं, वाट मोकळी व्हावी म्हणून. आणि चारही वेळा तो तिला तिपापेच्या अंगावर बोलावत होता.

"पाशे," तो मागं न वळता म्हणाला. "माझ्या हाकेत काही उरलं नाही."

"माहीत आहे."

"नाही माहीत. मीच तिला बोलावतोय. त्या दिवशीही मीच बोलावली."

मागं कुणाचा तरी श्वास अडकला. ती तिपापेची आई असणार. मेपुकोरीला मान वळवता आली नाही, आणि पुढं तर बघवत नव्हतं.

फाटककानीनं पुढचा एक पाय उचलला. टेकला नाही. तो तसाच अधांतरी झुलवत राहिली, पुढं-मागं, पुढं-मागं. डोक्यावर मोळी घ्यावी की खाली टाकावी ते न ठरणाऱ्या बाईसारखी. कान पसरलेले. फाटक्या कानाच्या चिंध्यांतून उजेड दिसत होता. ती ऐकत होती. पण ऐकायला काही नव्हतं. पाच माणसं आणि चार गाढवं, आणि हूं की चूं नाही. हाक संपली की पेटीही अशीच गप्प होते.

"कुयोनीच्या आई," सिंतोया म्हणाली. मोठ्यानं. आवाज थरथरत होता, तरी मोठ्यानं. "काल तुमच्या शालीचं काय झालं ते सांगा की."

"आत्ता?"

"आत्ताच. बोला. सगळ्याच बोला."

"काय व्हायचंय?" म्हातारीचा आवाज फाटला. तिनं तो पुन्हा जुळवला. "वाळत घातली होती कुंपणावर. त्या करड्या शेळीनं काठ खाल्ला. नवा काठ, बाई! हिचा आहेर होता."

"कोणती करडी? बोकड्याची आई?"

"तीच ती अवदसा. मी म्हटलं, आता हिच्या लेंडीतून काठ निघाला तर शिवून घेईन."

एक हसली. हसू कसलं, रडूच होतं ते, पण हसल्यासारखं वाजलं. तिपापेची आई बोलायला लागली. तिला बोलण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून तिनं इस्पितळाचं सांगितलं. तिथली परिचारिका कशी खेकसते, तिपापे कशी रोज दूध मागते आणि तिथं कशी चहाची पावडर घातलेलं पाणी देतात. एकीत दुसरीचं, दुसरीत तिसरीचं. झऱ्यावर रोज असते तशी कालवाकालव. मेपुकोरी मधे उभा होता आणि तेवढा एकटाच गप्प होता.

पाय झुलायचा थांबला. मग टेकला.

फाटककानीचे कान हळूहळू अंगाला लागले. ही माणसं तिच्या ओळखीची होती. पावसाळे-उन्हाळे हीच माणसं याच वेळी याच वाटेनं जातात, असंच बोलतात, डबे भरतात आणि परत जातात. यांनी कधी तिला काही केलं नव्हतं. यांचा आवाज तिला कधी खोटा निघाला नव्हता. तिनं नाकातून हवा सोडली. वळली. पळाली नाही. घाई केली नाही. जशी आली तशी लव्हाळ्यात शिरली, आणि तिच्यामागून एकेक पाठ वाटेवरून डावीकडं उतरत गेली. थोड्या वेळानं तिकडून गवत उपटल्याचे आवाज यायला लागले.

"बोलत राहा," सिंतोया म्हणाली. "आणि चला."

त्या चालल्या. मेपुकोरीच्या दोन्ही बाजूंनी गाढवं पुढं गेली. कुणी त्याला ओलांडून जाणं ही गोष्ट याआधी कधी झाली नव्हती. तो शेवटच्या गाढवामागं चालू लागला.

झऱ्यावर पोचल्यावर तो दगडावर बसला. सिंतोयानं डबा पाण्यात तिरपा धरला.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"हाकेत राम नाही, हे तिपापे पडली तेव्हापासून. ती हाकेवर येते, हे नव्हतं माहीत." डबा गळ्यापर्यंत भरला. "म्हणून तर बोलत चालायला लागलो आम्ही. त्या दिवशी गप्प होतो ना सगळ्या. रीतीप्रमाणं."

"मग मला रोज पुढं कशाला घालत होतात?"

सिंतोया झाकण फिरवत राहिली. उत्तर दिलं ते कुयोनीच्या आईनं.

"घरी ठेवून तरी काय केलं असतंत? आढ्याकडं बघत पडला असतात. आमचं काय जातंय भावजी, चार हाका ऐकायला."

"आणि ती आली असती तर? आजच्यासारखी?"

म्हातारीनं आपला डबा पाण्यात ढकलला. तिपापेची आई थोडी लांब, पाण्यात पाय सोडून पाठमोरी बसली होती. मेपुकोरी उठून तिच्याजवळ गेला. उभा राहिला. शेवटी तो वाकला, तिचा रिकामा डबा उचलला आणि पाण्यात बुडवला. पाणी भरणं हे बाप्याचं काम नव्हे. तिनं वळून पाहिलं. डबा भरेपर्यंत ती पाहत राहिली, मग तिनं तो त्याच्या हातातून घेतला.

त्यानंतर तो वाटेनं गप्प चालू लागला. सगळ्यांच्या मागं.

चार दिवसांनी दुपारी मोटरसायकल आली. कुयोनीच्या आईनं बाजारात मीठ घेताना सगळी हकीकत रंगवून सांगितली होती, आणि बाजारात सांगितलेलं कचेरीत कसं पोचतं ते कुणी कुणाला शिकवायला नको. पारमुआतनं मेपुकोरीपुढं डोकं वाकवलं. मेपुकोरीनं हात टेकवला, पण नेहमीपेक्षा लवकर उचलला.

बाभळीखाली सगळे बसले. तिपापेची आईसुद्धा. सिंतोयानं चहा दिला.

"फार मोठी गोष्ट शोधलीत तुम्ही," पारमुआत म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. पोरगा वाईट नव्हता. "साहेब खूश झालेत. टोमॅटोतले उरलेले खांबही पाडले तिनं, बाप्याच्या आवाजाचा उपयोग संपला. आता बायकांचा आवाज लावून बघायचं म्हणतात. काही खास नको. वाटेनं बोलता तसंच बोलायचं. शेळ्यांचं, शालीचं." त्यानं यंत्र काढून पोत्यावर ठेवलं आणि बोटानं दाबलं. "बोला, वहिनी."

सगळ्यांनी मेपुकोरीकडं पाहिलं. पाहुण्याला उत्तर घरचा बाप्या देतो. मेपुकोरीनं चहाचा पेला खाली ठेवला.

"माझं उत्तर तुम्ही घेऊन गेलात मागंच," तो म्हणाला. "ती सांगेल."

सिंतोयानं यंत्राकडं पाहिलं. हात लावला नाही.

"हे खांब टोमॅटोभोवती लागणार?"

"हो."

"आणि आम्ही पाण्याला जाणार ती वाट तीच. ती कळपाची म्होरकी तीच."

"वहिनी, त्याचा याच्याशी..."

"ती येईल. वास घेईल. वास नाही. दुसऱ्या दिवशी येईल, पुन्हा शेळीनं शालीचा काठ खाल्ला, पुन्हा तेच हसू, त्याच जागी. तिला कळायला किती दिवस लागतील, पारमुआत? मागच्या वेळी महिना लागला. आता ती शिकलेली आहे."

"तोवर दुसरं काहीतरी करतील," पारमुआत म्हणाला. "म्हणजे... मी वर विचारून सांगतो."

"वर नको."

"वहिनी, मी साधा नोकर आहे हो."

"नोकरालाच विचारतेय. वरचे पाण्याला जात नाहीत." तिनं तिपापेच्या आईकडं हात केला. "हिच्या पोरीचा पाय दोन महिने टांगलेला राहणार आहे. तू हिच्याकडं बघ आणि सांग. बाप्याचा आवाज संपवलात. आमचा संपवाल. मग पोरांचा न्याल. ज्या दिवशी त्या हत्तिणीचा आमच्यातल्या कुणावरच विश्वास उरणार नाही, त्या दिवशी झऱ्यावर आम्ही जायचं कुणाच्या भरवशावर?"

पारमुआतनं चहाकडं पाहिलं. सायीवर माशी बसली होती. त्याचा हात यंत्राकडं गेला.

"बंद करू नकोस," सिंतोया म्हणाली. "चालू आहे ना ते? चालूच राहू दे. शेळ्यांचं, शालीचं आम्ही नाही बोलणार त्यात, तू बोल. तुझं उत्तर जाऊ दे तुझ्या साहेबांच्या कानावर. बोल."